खिडक्या लावल्या का?

तिन्हीसांजेला डास आत शिरू लागले की, "अहो, खिडक्या लावल्या का?" हा प्रश्न आमच्या घरी ठरलेला. घराला खिडक्या ४. पण टेबलावरच्या संगणकाच्या परवा मोजल्या, तर १९ उघड्या! विजेचे बिल, गाड्यांचे वेळापत्रक, भाजणीचे प्रमाण आणि सर्वांच्या तळाशी हा अर्धवट लेख.

वाचक म्हणतील, राहिल्या उघड्या तर बिघडले काय? तेच सांगतो.

साताऱ्याला आमचे थोरले बंधू अण्णा राहतात. एकदा संगणकावर त्यांच्याशी समोरासमोर बोलणे झाले. निरोप घेऊन आम्ही वरच्या कोपऱ्यातली आडवी रेघ दाबली. खिडकी नाहीशी झाली. मग सौभाग्यवतींना म्हणालो, "अण्णा वाडा विकू देत नाहीत. फुकट राहायला मिळते ना!" तोच संगणकातून अण्णांचा खोकला ऐकू आला.

नात पुण्याहून आली तेव्हा तिने उलगडा केला. "आजोबा, रेघ म्हणजे नुसता पडदा. खिडकी लावायची तर फुली. आणि बोलणे संपवायला लाल कळ!"

या खिडक्यांचे माहेर अमेरिकेतले. पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ साली अल्टो नावाचा संगणक तयार झाला आणि त्याच दशकात त्याच्या पडद्यावर, टेबलावरच्या कागदांप्रमाणे, एकीवर एक खिडक्या दिसू लागल्या. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज १९८५ साली निघाली, तीत मात्र खिडक्या फरशांसारख्या शेजारीशेजारीच बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. मग खालची सापडेना! १९९५ साली पडद्याच्या तळाशी पट्टी आली आणि उघड्या खिडक्यांची नावे तीवर दिसू लागली. त्या दिवशी आम्ही त्या पट्टीकडे नुसते पाहिले असते, तरी अण्णा तिथे बसलेले दिसले असते.

नातीने आणखी तीन गोष्टी शिकविल्या. आल्ट दाबून धरून टॅब दाबीत गेले की उघड्या खिडक्या ओळीने समोर येतात. हवी तिथे बोट उचलावे. विंडोजची कळ आणि डावा बाण दाबला की खिडकी डाव्या अर्ध्या भागात बसते, उजव्या बाणाने उजव्या. म्हणजे पुन्हा फरशाच! आणि विंडोजसह डी दाबला की सगळ्या खाली जाऊन टेबल मोकळे. मोकळे दिसते एवढेच. एकही लागलेली नसते.

हे शिकून आम्ही साताऱ्याला गेलो. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एक वही पुढे ठेवली. दर वर्षी पावसाआधी वाडा शाकारल्याचा, भिंती लिंपल्याचा, घरपट्टी भरल्याचा हिशेब तीत होता. आमच्या नावावर एक पैसाही मागितलेला नव्हता. "तुला कधी सांगितले नाही, म्हणून तुला फुकट वाटले," एवढेच ते म्हणाले.

यंदा दिवाळीला साताऱ्यालाच चाललो आहोत, निम्मा खर्च बरोबर घेऊन. वाडा विकायची गोष्ट आम्ही काढणार नाही.

संगणक मात्र आता रोज रात्री नीट पाहून बंद करतो. परवा सौभाग्यवतींनी आतून विचारले, "अहो, खिडक्या लावल्या का?"

"कुठल्या?" आम्ही विचारले.