बेंदराचा बैल बालवाडीत हवा

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा सातारा-सांगलीच्या शिवारात मृग लागून आठवडा झालेला असतो. पहिली सर नीट पडून गेली असेल, तर सकाळी बांधावर लाल मखमलीचा एक ठिपका चालताना दिसतो. तो मृगाचा किडा. चार वर्षांचे मूल त्याच्यासमोर उकिडवे बसते, बोट पुढे करते. किडा पाय पोटाशी घेऊन गप्प पडतो, मूलही श्वास धरून बसते. जरा वेळाने पाय पुन्हा बाहेर येतात. मोजले तर आठ भरतात. मुंगीचे मोजले तर सहा. मग कोळ्याचे किती, हा प्रश्न त्या मुलाला कुणी विचारावा लागत नाही, ते स्वतःच विचारते.

त्याच मुलाच्या वर्गात भिंतीवर ऋतूंचा छापील तक्ता असतो. त्यात पानगळीची लालभडक पाने असतात आणि मफलर गुंडाळलेला बर्फाचा माणूस असतो. माण किंवा जत तालुक्यातल्या मुलाने बर्फ पाहिलेला असतो तो यात्रेतल्या गोळेवाल्याच्या गाडीवर. तक्ता छान छापलेला असेल, पण ज्या वर्षात ते मूल जगते ते वर्ष त्यावर नाही. गावोगाव नव्या बालवाड्या, नर्सरी, केजी निघत असताना आणि अंगणवाड्यांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाचा आग्रह वाढत असताना, मुलांच्या हाताला काय द्यायचे या प्रश्नाचे उत्तर आपण दुकानातून आणतो आहोत. ते उत्तर दारासमोरून जाणाऱ्या हंगामात आहे.

हा विचार नवा नाही आणि परकाही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर हेच करून दाखवले. माँटेसरीची महागडी साधने वारली मुलांच्या वस्तीत परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, काटक्या, माती यांचीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि त्या योजनेतली अंगणवाडी देशभर पोचली. शब्द सगळीकडे गेला. त्यामागची अंगणाची कल्पना मात्र कागदाखाली दबत गेली.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर पहिला मोठा उपक्रम आषाढात आयता चालून येतो. बाकी महाराष्ट्र बहुधा श्रावणाच्या शेवटी पोळा करतो. कृष्णाकाठी बैलांचा सण म्हणजे बेंदूर. सीमेलगतच्या गावांत कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात होतो, इकडचा महाराष्ट्री बेंदूर आषाढात. ज्यांच्या गोठ्यात बैल नाहीत ते कुंभाराकडून मातीची जोडी आणून पुजतात. आज बहुतेक घरांत गोठाच नाही, त्यामुळे मातीच्या बैलाचे महत्त्व उलट वाढले आहे. ही जोडी बालवाडीत विकत आणून पुजायची आणि फोटो काढायचा, हा झाला समारंभ. मुलांनी ती करायची, हे झाले शिक्षण.

करताना काय घडते ते जवळून पाहावे. माती आधी कोरडी असते, मुले ती फोडतात, चाळतात, त्यातले खडे वेगळे काढतात. पाणी घातल्यावर पहिल्यांदा हमखास जास्त होते आणि सगळे पातळ पडते. मग पुन्हा कोरडी माती. किती पाणी घातले की गोळा वळतो, हे बाईंनी दहादा सांगून कळत नाही, हाताला एकदाच कळते. चार पाय लावले की बैल पुढे कलंडतो, कारण वशिंडापेक्षा डोके जड झालेले असते. मूल डोके काढते, लहान करते, पुन्हा लावते. शिंगे सुकताना गळून पडतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी शिंगात काडी खुपसायची युक्ती काढते आणि तासाभरात वर्गातल्या सगळ्या बैलांच्या शिंगांत काड्या येतात. तोल, वजन, ओले-कोरडे, कमी-जास्त, चूक आणि दुरुस्ती, सगळे एका चिखलाच्या गोळ्यात. गावातल्या कुंभाराला त्या दिवशी तासभर बोलावले आणि त्याला त्याचे मानधन दिले, तर मुलांना आणखी एक गुरू मिळतो.

यामागे शरीरशास्त्राचेही कारण आहे आणि ते पालकांना समजावून सांगायला हवे. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. चौथ्या वर्षाच्या आसपास त्यांतली जेमतेम निम्मी हाडे म्हणून घडू लागलेली असतात, उरलेल्या जागी अजून कूर्चाच असते. बोटांचे बारीक स्नायूही तयार व्हायचे असतात. अशा हातात पेन्सिल देऊन पानभर ‘अ’ गिरवायला लावले की मूल पेन्सिल मुठीत आवळते, मान वाकडी करते, थकते आणि लिहिण्याचा कंटाळा आयुष्यभरासाठी शिकते. माती मळणे, शेंगा सोलणे, वाती वळणे, कणकेच्या गोळ्या करणे यांत बोटांना जी ताकद येते, तिच्यावरच पुढे अक्षर उभे राहते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नेमू नये असेच सांगितले आहे. तरीही ‘आमच्याकडे केजीतच वाचन-लेखन’ अशी पाटी लावणाऱ्या वर्गाकडे पालक ओढले जातात. त्यांचा हेतू वाईट नाही. मूल मागे पडेल ही भीती खरी आहे. पण वही भरणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणीतरी ठामपणे सांगितले पाहिजे.

याच सातारा जिल्ह्यात फलटणला भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी हे ठामपणे सांगितले. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाई फलटणच्या झाल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि १९८०च्या दशकात त्यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनाचा पाया घातला. मुलाच्या बोलण्याला मान दिला की वाचन-लेखन त्यातून उगवते, या श्रद्धेवर त्यांनी काम केले. मातीचा बैल करणारे मूल गप्प नसते. ‘ह्याचं वशिंड ढासाळलं’ हे वाक्य फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहून दाखवले, तर लिहिणे म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी उमगते.

पाऊस मोजणे हा दुसरा उपक्रम. सरळ बाजूंची एक बरणी अंगणात ठेवायची, रोज ठरलेल्या वेळी कागदाची पट्टी तिच्या शेजारी धरून पाण्याइतकी उंची रंगवायची आणि पट्ट्या ओळीने भिंतीवर चिकटवायच्या. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात माणदेश पाचशेच्या आसपास येतो. दहिवडीच्या वर्गात महिनाभर पट्टी कोरी राहील. ती कोरी पट्टीही चिकटवायची, कारण पाऊस न पडणे ही तिथल्या मुलाची खरी गोष्ट आहे. इकडे सांगलीत ऑगस्ट आला की आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती चढले, हा घराघरात एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ २०१९ च्या महापुरात तो आकडा ५७ फुटांवर गेला. हा आकडा मुले मोठ्यांच्या तोंडून ऐकतात, त्यातली भीतीही ऐकतात, पण फूट म्हणजे केवढे ते त्यांना ठाऊक नसते. वर्गाच्या भिंतीवर फुटांच्या खुणा आखून मुलांना तिच्याशी उभे करावे. आपण साडेतीन फूट, बाई पाच फूट. जी भीती मोजता येते, तिच्याविषयी बोलताही येते.

भाद्रपद-आश्विनात तर वर्गाने काही वेगळे शोधायचीच गरज नाही. पुण्याचा भोंडला तो आपल्याकडचा हादगा. हत्तीचे चित्र मांडून फेर धरायचा आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. खिरापत ओळखणे हा खेळ बालवाडीसाठीच घडवल्यासारखा आहे. गोड की तिखट, कुरकुरीत की मऊ, डबा हलवला तर वाजतो का, वास कसला, असे प्रश्न विचारत उत्तराकडे सरकणे म्हणजे तर्कशास्त्राचा पहिला धडा. नवरात्रात पत्रावळीवरच्या मातीत धान्य पेरून घट बसतो. नऊ दिवस रोज दोऱ्याने कोंबाची उंची मापली आणि एक वाटी मुद्दाम अंधारात ठेवून तिथले पिवळे, लांबट कोंब शेजारी मांडले, तर उजेड रोपाला काय देतो हे मुलांना डोळ्यांनी दिसते. देव्हाऱ्यातला घट घरी असेलच. वर्गातला घट मुलांचा असावा आणि तो प्रत्येक घरच्या मुलासाठी असावा.

हळद हा सांगलीचा मान. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. माघ-फाल्गुनात गावे हळद शिजवण्याच्या वासाने भरलेली असतात, त्या दिवसांत हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवावेत. मग कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून मुलांना त्यावर रेघ ओढू द्यावी. रेघ लाल उमटते. मुले आधी बोळ्याकडे बघतात, तिथे लाल काही नाही. बाटलीकडे बघतात, तिथेही नाही. लाल आले कुठून? त्यावर लिंबू पिळले की लाल पुन्हा पिवळे. पूर्वी कुंकू हळदीपासूनच करत, त्यामागचा रंगबदल हाच. साबणात क्षार असतात, लिंबात आम्ल, ही नावे चार वर्षांच्या मुलाला सांगायची घाई नको. ‘लाल कुठून आलं’ हे कोडे डोक्यात घेऊन ते घरी गेले आणि आईच्या मसाल्याच्या डब्यापाशी उभे राहिले, एवढे पुष्कळ झाले. कपडे पिवळे होतील, साबणाने धुताना लाल होतील. हे पालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले बरे.

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचे पट्टेदार दाणे निवडणे-मोजणे आणि तासगावच्या द्राक्षांचे बेदाणे होताना पाहणे हेही त्याच रांगेतले. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, बाकीचे तीन किलो हवेत जातात, हे मोठ्यांनाही थक्क करणारे आहे. पण इथे काळजीचे दोन शब्द हवेतच. लहान दाणे मुले नाकात-कानात घालतात, त्यामुळे देताना आणि परत घेताना मोजून घ्यावेत. कच्च्या घेवड्याने उलट्या होतात, तो तोंडात जाता कामा नये. द्राक्ष घशात अडकते, म्हणून खायला देताना उभे चिरूनच द्यावे. मृगाचा किडा बघून झाला की जिथून उचलला तिथेच सोडावा.

आता हे सगळे करायचे कुणी? अंगणवाडीच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही फक्त एक. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाचे निरोप, गृहभेटी, नोंदवह्या आणि २०२१ पासून मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर हे सगळे त्याच सेविकाताई करतात. मुले चिखलात हात घालून बसलेली असताना फोनवर माहिती भरण्याची आठवण आली, तर चिखल आवरला जातो, फोन आवरला जात नाही. म्हणून प्रशासनाकडे मागणे सोपे आहे. दिवसातले दोन तास मुलांचे, त्या वेळात कुठलीही माहिती मागायची नाही, असा आदेश जिल्हा परिषदेने काढावा. बीटच्या मासिक बैठकीत सेविकांनीच आपल्या तालुक्याच्या हंगामाची वही करावी. शिराळ्याची भातलावणी आणि आटपाडीचे डाळिंब एका वहीत बसणार नाही, बसवूही नये. कुंभाराच्या मानधनाला, मातीला, बरणीला सादिलातून थोडे पैसे द्यावेत. छापील तक्त्यांच्या खरेदीपेक्षा ते कमीच भरतील.

आणि एक गोष्ट राहते. कार्तिकात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडच्या, शिवाय आपल्याच जत-माणच्या ऊसतोड टोळ्या फडात उतरतात. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, आईबापांबरोबर आलेली तीन-चार वर्षांची मुले चार-पाच महिने गावच्या हद्दीत असतात, पण गावच्या अंगणवाडीत बहुधा नसतात. सेविकाताईंनी कोपीवर जावे, त्यांची नावे हंगामापुरती पटावर घ्यावीत आणि ग्रामपंचायतीने त्यांना ने-आण करण्याची सोय करावी. आषाढात केलेले मातीचे बैल तोवर वर्गाच्या फळीवर वाळून उभे असतील. बैलगाडीशेजारी झोपणारे ते मूल आत येईल, फळीपाशी थांबेल आणि बैलाच्या मानेखालची पोळी करायची राहून गेली आहे हे सगळ्यात आधी त्याला दिसेल.