पळी, अडकित्ता आणि इतिहास

राजा वारला म्हणजे त्याची तलवार मखमलीच्या म्यानांत जपून ठेवितात. घरची म्हातारी वारली म्हणजे तिची पळी मोडीच्या भावानें तांबटाकडे जाते. जगाची ही रीतच आहे असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु पूर्वजांनीं कोणत्या लढाया मारल्या हें ज्या समाजाला पाठ येतें, आणि ते धान्य कशानें मोजीत व कोणत्या दिव्याच्या उजेडांत लिहीत हें मात्र ठाऊक नसतें, त्या समाजाचें इतिहासज्ञान अर्धेंच होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत कृतींत उतरविणारे एक गृहस्थ पुण्यांत होऊन गेले. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत. सुमारें १९२० सालापासून त्यांनीं नित्याच्या वापरांतील जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला, आणि या कामीं त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनीं त्यांना मनापासून साथ दिली. बालपणींच देवाघरीं गेलेल्या आपल्या ‘राजा’ या मुलाचें नांव त्यांनीं या संग्रहास दिलें, व १९७५ सालीं तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयांत वीस हजारांहून अधिक वस्तु आहेत. त्यांपैकीं दालनांत मांडलेला भाग थोडासाच आहे.

तेथें जाणारा मनुष्य बहुधा कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल पाहावयास उत्सुक असतो. आमची विद्यार्थ्यांस सूचना अशी कीं, महाल अवश्य पाहावा. पण अडकित्ते, दौती, कुलुपें, समया व वज्र्या यांच्यापुढें अधिक वेळ उभें राहावें. अडकित्ता म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. टेकू एका टोकास, हाताचा जोर दुसऱ्या टोकास, आणि सुपारी मध्यें. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत जो नियम तुम्हीं घोकिला, तो ज्या कारागिराच्या हातांत मुरलेला होता, त्यानें पुस्तक उघडलेंहि नसेल. वज्री तर टांचेचा मळ घासण्याची वस्तु. तिची खालची बाजू खरखरीत. तरी कारागिरानें तिच्या पाठीवर पक्षी किंवा प्राणी घडवून बसविला. पायाचा मळ काढण्याचें कामहि सुंदर साधनानें व्हावें, असें त्याला वाटलें असलें पाहिजे. ज्या प्रभूनें शिष्यांचे पाय धुण्यांत कमीपणा मानिला नाहीं, त्याच्या अनुयायांस तरी हा भाव परका वाटूं नये.

वस्तु गेली म्हणजे तिच्यामागून भाषाहि जाते, हा यांतील दुसरा धोका. ‘जात्यांतले रडतात, सुपांतले हसतात’ ही म्हण आमचे विद्यार्थी निबंधांत बिनचूक लिहितात. पण सुपांतील दाणा जात्याच्या तोंडीं कसा जातो हें ज्यानें पाहिलेलें नाहीं, त्याला त्या म्हणींतील हसणेंहि कळत नाहीं आणि रडणेंहि कळत नाहीं. चिपटें, मापटें, शेर, पायली हीं मापें १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू व्यवहारांतून गेलीं. दशमान पद्धति सोयीची आहे, यांत संशय नाहीं. तथापि दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली हें कोष्टक ज्या बायका न लिहितां, न चुकतां चालवीत, त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

यावर कोणी म्हणतील कीं, जुन्याचे गोडवे गाणें म्हणजे जुन्या काळाचे जुलूमहि गोड मानणें होय. हा आक्षेप आम्हांस विचारार्ह वाटतो. जात्यापाशीं पहांटे उठून बसणाऱ्या बाईचे खांदे भरून येत, आणि मुलगी दळणांत अडकली म्हणजे तिची शाळा बुडे. पिठाची गिरणी आली ही देवाची कृपाच झाली. जातें परत यावें अशी इच्छा आम्ही धरीत नाहीं. परंतु तें कोणीं ओढिलें व किती वर्षें ओढिलें, याचा विसर पडला, तर त्या श्रमांचें ऋण फेडावयाचें कोणी उरणार नाहीं. सुशोभित उपाहारगृहांत कोपऱ्यांत मांडलेलें जातें पाहून आम्हांस खेद होतो तो याचसाठीं. तेथें दगड राहिला, बाई नाहींशी झाली.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पितळ टिकतें, मातीचें मडकें फुटतें. रुप्याचा करंडा नातीकडे जातो. बुरुडाची टोपली, शेतकऱ्याचें इरलें, फाटक्या लुगड्यांची गोधडी हीं कुजून मातीला मिळतात. म्हणून कोणत्याहि संग्रहांत संपन्न घरांचा आवाज मोठा व गरिबांचा आवाज क्षीण ऐकूं येतो. जमविणाराचा हा दोष नव्हे. परंतु पाहणारानें ही उणीव मनांत धरून पाहिलें पाहिजे.

पवित्र शास्त्रांत इस्राएल लोकांनीं यार्देन ओलांडल्यावर नदीच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून आणिले, अशी कथा आहे. पुढें मुलांनीं त्या धोंड्यांचा अर्थ विचारावा व वडिलांनीं तो सांगावा, हा त्यांतील हेतु. धोंडे मुके होते. त्यांना वाचा आली ती मुलाच्या प्रश्नानें आणि बापाच्या उत्तरानें. संग्रहालयाचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. ज्या वस्तूचें नांव, गांव व उपयोग लिहून ठेविलेला नाहीं, ती कांचेच्या कपाटांत असली तरी हरवलेलीच आहे.

यास्तव विद्यार्थी बंधुभगिनींनो, या सुटींत घरांतील एकच जुनी वस्तु निवडा. ती कसली आहे, तिच्या प्रत्येक भागास काय म्हणतात, ती कोणीं घडविली, कोणीं वापरली व केव्हांपासून पडून आहे, हें आजीला किंवा आजोबांना विचारा, आणि त्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहून काढा. वस्तु माळ्यावर आणखी पन्नास वर्षें राहूं शकेल. सांगणारें माणूस तितकें थांबणार नाहीं. पुढें जागेच्या अडचणीनें ती पळी मोडींत गेलीच, तरी तो कागद राहील, आणि ज्या हातांनीं तुमच्या घराला जेवूं घातलें, त्यांचें नांव त्यावर असेल.