तीस आणि वीस किती?

गेल्या सोमवारी सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच नाना आणि वहिनी येऊन बसले होते. नाना म्हणजे २०१३ साली फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आमचे जुने पेशंट. डोके ठणकत होते, चेहरा लाल. रक्तदाब मोजला तर १९०/११०. इतकी वर्षे गोळ्यांवर त्यांचा वरचा आकडा १४० च्या पुढे गेलेला मी पाहिला नव्हता.

"गोळ्या संपल्या का नाना?" मी विचारले. नाना गप्प. शेवटी वहिनीच बोलल्या, "वीस दिवस झाले, बंद केल्यात. कुणीतरी सांगितलं, पुन्हा बोर्डापुढं उभं करतील, प्रेशर नॉर्मल निघालं तर टक्के कापतील."

मी रागावलो. पण खरे सांगायचे तर या प्रकाराची सुरुवात माझ्याच एका चुकीतून झाली होती. ती चूक आज लिहितो, कारण आपला जिल्हा फौजींचा आहे. घरटी एक माणूस सैन्यात, अशी गावे आपल्याकडे आहेत, आणि नानांच्या हातात आहे तसा कागद अनेक घरांतल्या ट्रंकेत पडलेला असणार.

तो कागद म्हणजे निवृत्तीच्या वेळी बसलेल्या मेडिकल बोर्डाचा अहवाल. नानांच्या अहवालात दोन आजार आहेत. उच्च रक्तदाब, ३० टक्के. दोन्ही गुडघ्यांची झीज, २० टक्के. उंचावरच्या आणि सीमेवरच्या नोकरीमुळे दोन्ही आजार वाढले, हे बोर्डाने मान्य केले आहे. आणि खाली एकत्रित अपंगत्व लिहिले आहे ४० टक्के.

दोन वर्षांपूर्वी नाना हा कागद घेऊन आले होते. त्यांचा प्रश्न साधा होता. "डॉक्टर, तीस आणि वीस पन्नास होतात. माझे दहा कुणी खाल्ले?"

मी मोठ्या ऐटीत त्यांना गणित समजावले. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात अपंगत्वाचे जे प्रमाणपत्र मिळते त्यात दोन टक्केवाऱ्या सरळ मिळवत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा, इथे ३०. नव्वदातून तो वजा केला की ६० उरतात. लहान आकड्याला, म्हणजे २० ला, ६० ने गुणून ९० ने भागायचे. येतात १३ आणि काही. तीसमध्ये मिळवले की ४३. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सूत्र आहे. अमेरिकेत माजी सैनिकांचा हिशेबही याच वळणाचा. तिथे माणूस धरायचा शंभर टक्के. पहिल्या आजाराने तीस गेले, उरला सत्तर टक्के माणूस. दुसरा आजार या उरलेल्या माणसाला होतो, म्हणून सत्तरचे वीस टक्के, म्हणजे १४. एकूण ४४, आणि जवळच्या दहाच्या पटीत आणून ४०. या रीतीने दहा-दहा टक्क्यांची दहा अपंगत्वे असली तरी बेरीज शंभर होत नाही, पासष्टाच्या आसपास थांबते.

यात वैद्यकीय तथ्य आहे. ज्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला त्याच्या त्याच पायाच्या घोट्याचे टक्के वेगळे कसे मोजणार? शंभरावर माणूस अपंग होऊ शकत नाही. म्हणून मी नानांना म्हणालो, "तुमचे चाळीस बरोबर आहेत." डॉक्टरने सांगितले म्हटल्यावर नाना उठून गेले.

चूक अशी की मी नागरी प्रमाणपत्राचे सूत्र लष्कराच्या कागदाला लावले. आपल्या सैन्यदलांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पेन्शनविषयक मार्गदर्शक पुस्तिका आहे. पुढे दुसऱ्या एका पेशंटच्या कामासाठी ती वाचायची वेळ आली. तिच्यात नव्वदचे सूत्र नाही आणि उरलेल्या माणसाचा हिशेबही नाही. तिचा नियम असा, की दोन आजारांचे शरीराच्या कामावर होणारे परिणाम पूर्णपणे वेगळे असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज करायची. परिणाम एकमेकांत मिसळत असतील तर जेवढे मिसळतात तेवढेच कमी करायचे. वेगळ्या परिणामांच्या बाबतीतही काही बोर्डे टक्के कमी करतात, हे बरोबर नाही, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. ते वाचून मी पुस्तिका मिटवून थोडा वेळ नुसता बसलो.

गुडघा आणि कंबर हे मिसळणारे दुखणे. दोन्हींमुळे चालणे, वाकणे, जिना चढणे अडते, तेव्हा काही टक्के कमी होणारच. रक्तदाब आणि हृदयविकार यांचेही तसेच. पण गुडघा आणि कान? तोफखान्यात ऐकू येणे कमी झालेल्या माणसाचा गुडघाही झिजला तर एकाचा त्रास दुसऱ्यात जमा होत नाही. नानांचा रक्तदाब आणि गुडघे यांचेही मला तसेच वाटते. गुडघ्यामुळे फिरणे बंद होते आणि त्यामुळे रक्तदाब वाढतो, असे कोणी म्हणेल. म्हणू दे, पण मग बोर्डाने ते लिहायला हवे होते. अहवालात कारणाची एक ओळ नाही.

आता हे दहा टक्के किती महागात पडतात ते पाहा. २०२३ पूर्वी निवृत्त झालेल्यांना लागू असलेल्या पद्धतीत टक्के वरच्या टप्प्यात नेतात. ५० च्या खाली असतील तर ५०, ५० ते ७५ असतील तर ७५, त्यावर १००. सुरुवातीला हा लाभ आजारपणामुळे नोकरी सोडावी लागलेल्यांपुरताच होता. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळावा, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात ठरवले. म्हणजे नानांच्या ४० चे ५० झाले. पण बेरीज ५० असती तर ७५ झाले असते. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, असा ढोबळ हिशेब धरला तर ४० हजार पगारावर एकाला महिना ६ हजार आणि दुसऱ्याला ९ हजार. वर महागाई भत्ता वेगळा. हे तीन हजार दर महिन्याचे आणि हयातभराचे.

ज्यांच्याकडे असा कागद आहे त्यांनी आणखी एक रकाना पाहावा. एकत्रित टक्क्यांच्या खाली 'पेन्शनला पात्र टक्के' असा वेगळा आकडा असतो. नोकरीशी संबंध मान्य न झालेला आजार तिथे गळतो. म्हणून वर ५० आणि खाली २०, किंवा चक्क शून्य, असेही दिसते. त्याचे भांडण बेरजेचे नाही, कारणाचे आहे. भरतीच्या वेळी तुम्ही ठणठणीत होता आणि कागदावर कसलाही आजार नोंदलेला नव्हता, तर तो नोकरीत झाला असे धरले पाहिजे आणि तसे नसल्याचे दाखवणे सरकारचे काम आहे, असे २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालात म्हटले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आपला हिशेब वरच्या मजकुरावरून करू नये, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्यांना लागू असलेले नियम पाहावेत.

माझ्यासारख्याकडून टक्क्यांचे प्रमाणपत्र मागायला मात्र येऊ नका. त्याला किंमत नाही. कामाला येतात ते जुने एक्स-रे, कानाची तपासणी, रक्तदाबाच्या तारीखवार नोंदी. तेवढे फायलीत जपा.

नानांचे अपील मीच जून महिन्यात लिहून दिले. रेकॉर्ड ऑफिसला गेले. ते बेरजेबद्दल आहे, नव्या तपासणीबद्दल नाही. कायमस्वरूपी ठरवलेले टक्के माणसाने स्वतः मागितल्याशिवाय पुन्हा तपासले जात नाहीत. आणि तपासले, तरी नानांना ३० टक्के दिले त्या दिवशीही त्यांचा रक्तदाब गोळ्यांवर ताब्यातच होता. बोर्डाने ते लिहूनच टक्के दिले आहेत. हे सगळे अर्ज लिहिताना मी त्यांना सांगायला हवे होते. सांगितले नाही, आणि ती जागा गावातल्या कुणीतरी भरून काढली.

सोमवारी त्यांना दोन तास दवाखान्यातच झोपवून ठेवले. लघवीची तपासणी आणि कार्डिओग्राम केला, दोन्ही सुदैवाने ठीक निघाले. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि डबा वहिनींच्या ताब्यात दिला. गुरुवारी रक्तदाब १५०/९४ होता. अपिलाचे उत्तर अजून आलेले नाही.