बागेचा फोटो खाली बसून काढा

निफाड-दिंडोरीकडचे आपण सगळे द्राक्षबागेचा एकच फोटो काढतो. ओळीच्या तोंडाशी उभं राहायचं, दोन्ही बाजूंना वेली, मधे आपण. दिसतो झकास, पण त्यातून बागेचं काही कळत नाही.

मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर मी पण असलेच फोटो सल्लागाराला पाठवत होतो. बाग हिरवीगार! डावणी मात्र पानाखाली बसलेली. कळलं तोवर घडांवर गेली, दोन ओळींचा माल हातचा गेला.

आता सकाळी साडेसातला मांडवाखाली बसतो. मोबाईल खाली, ऊन वर, मधे पान. कोवळा तेलकट डाग वरून नजरेतून सुटतो, तो उन्हाआड पिवळा उठून दिसतो. मग पान उलटून दुसरा फोटो. रात्री हवा दमट असली तर पांढरी बुरशी तिथंच सापडते. आणि दर रविवारी त्याच अँगलपासून (लोखंडी हो, कॅमेऱ्याचा नाही) त्याच वेलीचा एक. चार आठवड्यांचे शेजारी-शेजारी ठेवा, फुटीची वाढ कुठं अडली ते समजतं.

शेजारचे बांधावरून हसतात, हा खाली बसून काय शोधतोय म्हणून. हसू द्या. घडांचे फोटो फेब्रुवारीत काढूच की.