काळ्या बाजाराचे नामांतर

एखाद्या निंद्य व्यवहाराला प्रतिष्ठा द्यायची असेल, तर प्रथम त्याचे नाव बदलावे लागते. चित्रपटगृहाबाहेर ‘दस का बीस’ असे पुटपुटणारा इसम ‘ब्लॅकवाला’ होता. पोलीस दिसताच तो गल्लीत पसार होई. तोच व्यवहार संकेतस्थळावर गेला आणि ‘पुनर्विक्री’ झाला. त्याला आता गल्लीची गरज उरलेली नाही.

२२ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे विक्रीस निघाली. मूळ किंमत २,५०० ते ३५,००० रुपये. आभासी रांगेत आपला क्रमांक लाखांत असल्याचे पाहून बहुतेकांनी नाद सोडला; लगोलग पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर तिकिटांसमोर लाखांतल्या किमती झळकल्या. अशी तिकिटे बनावट असू शकतात, असा इशारा अधिकृत विक्रेत्यालाच द्यावा लागला. या धंद्यात हाती न आलेले तिकीटही विकायला मांडण्याची रीत आहे. ब्लॅकवाल्याच्या मुठीत निदान तिकीट तरी असे!

यावर बाजारनिष्ठांचा युक्तिवाद ठरलेला असतो : ज्याला खरी ओढ, तो अधिक मोजेल, मग बिघडले कोठे? बिघडले हे की, येथे ओढ मोजली जात नाही, खिसा मोजला जातो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचे महिन्याच्या खाणावळीचे पैसे आणि धनिकाची एका संध्याकाळची हौस या दोहोंना एकाच तराजूत घालून ‘रसिकता’ ठरवणे, हा अर्थशास्त्राचा नव्हे, विचारांचा गोंधळ आहे. शिवाय वाढीव रकमेतील दमडीही कलावंताकडे जातेच असे नाही. सर्व थरांतील श्रोते यावेत म्हणून कलावंताने काही तिकिटे स्वस्त ठेवली, तर ती सवलत श्रोत्यांसाठी असते. मधला माणूस नेमकी तीच गिळंकृत करतो.

‘ऐनवेळी आजारी पडलेल्याने तिकिटाचे करायचे काय?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याने ते जरूर दुसऱ्यास द्यावे, मूळ किमतीस. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून ठरावीक मोठ्या स्थळांच्या आणि कार्यक्रमांच्या तिकिटांची छापील किमतीहून अधिक दराने होणारी पुनर्विक्री बेकायदेशीर ठरवली. तेथे बंदी हस्तांतरावर नाही, नफेखोरीवर आहे.

आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावरील जनहित याचिका फेटाळली. धोरण आखणे हे विधिमंडळाचे व शासनाचे काम, अशी भूमिका घेतली. म्हणजे चेंडू कोणाच्या अंगणात आहे, हे स्पष्ट आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. भाषेचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्या आपणांस तोवर एक गोष्ट निश्चित करता येईल : या व्यवहारास त्याच्या जुन्या नावाने हाक मारावी. काळा बाजार उजळ पडद्यावर भरला, म्हणून तो पांढरा होत नाही.