सायबर सुरक्षेचा पहिला धडा शिक्षकांना हवा

शाळेत पोलीस अधिकारी किंवा एखाद्या संस्थेचे व्याख्याते येतात. सभागृहात तासभर मार्गदर्शन होते. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’, ‘अनोळखी व्यक्तीची मैत्री स्वीकारू नका’ या सूचना दिल्या जातात, शपथ घेतली जाते, छायाचित्र निघते आणि कार्यक्रम संपतो. सायबर सुरक्षेच्या शिक्षणाचे हे स्वरूप आता राज्यभर रूढ झाले आहे. अशा व्याख्यानांचा उपयोग नाही असे म्हणता येणार नाही; परंतु एखाद्या विद्यार्थ्यावर प्रत्यक्ष प्रसंग ओढवतो, तेव्हा ते व्याख्याते तेथे नसतात. तेव्हा समोर असतो तो वर्गशिक्षक. आलेल्या मुलाशी काय बोलावे, फोनमधील पुराव्याचे काय करावे आणि तक्रार कोठे नोंदवावी, हे त्या शिक्षकाला माहीत आहे काय? मावळ तालुक्यात आणि लोणावळा परिसरात हा प्रश्न अधिक टोकदार ठरतो.

फोन आला, शिकवण राहिली

मावळ हा एकसारखा तालुका नाही. लोहमार्ग आणि महामार्गाच्या कडेने तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत आणि लोणावळा ही गावे झपाट्याने वाढली. त्यांच्या दोन्ही अंगांना आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील डोंगरकपारीची गावे व वाड्या आहेत. शहरालगतच्या मुलांच्या हाती फोन आधीच आला होता. दुर्गम वाड्यांतील अनेक घरांत मात्र तो खऱ्या अर्थाने शिरला तो २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेत व्हॉट्सअॅपचा गट हाच वर्ग झाला आणि आईवडिलांचा फोन हीच पाटी. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन घरातून गेला नाही. तो कसा वापरावा हे शिकवण्यासाठी कुणाला उसंतही मिळाली नाही.

देशाच्या ग्रामीण भागाचे चित्र ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात दिसते. १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. समाजमाध्यम वापरणाऱ्या या मुलांपैकी नकोशा खात्याला अडवणे वा त्याची तक्रार करणे सुमारे ६२ टक्क्यांना, तर आपले खाते खासगी ठेवणे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होते. वापर आणि सावधगिरी यांतील हे अंतर व्याख्यानाच्या एका तासाने भरून निघणारे नाही.

पर्यटनाची दुसरी बाजू

लोणावळा आणि पवना धरणाच्या परिसरात फोन ही केवळ करमणुकीची वस्तू नाही. ते उपजीविकेचे साधन आहे. बंगले, तंबूनिवास, घरगुती खाणावळी यांचे व्यवहार समाजमाध्यमांवरील जाहिराती आणि क्यूआर कोड यांवर चालतात. अनेक घरांत हे व्यवहार मोठ्यांपेक्षा शाळकरी मुलांनाच अधिक सफाईने जमतात. याच बाजारात बंगल्यांच्या बनावट जाहिराती देऊन पर्यटकांकडून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकारही वारंवार उघडकीस आले आहेत. त्यामुळे खरे संकेतस्थळ कसे ओळखावे, पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही माहिती येथील मुलासाठी पुस्तकी ज्ञान नव्हे, घरचा हिशेब आहे.

पावसाळ्यात या प्रश्नाला आणखी एक रूप येते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाच्या परिसरातील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. भुशीच्या दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रील चित्रित करण्यावर प्रतिबंध घातला. पण तेथे बुडत्या माणसांची जी चित्रफीत देशभर पसरली, तिचे काय? ती पाहिलेल्या मुलाशी दुसऱ्या दिवशी वर्गात कोण बोलले? एखाद्याच्या मरणाचे चित्रण पुढे पाठवू नये, हाही सायबर सुरक्षेचाच धडा आहे. परंतु ‘सुरक्षा’ म्हणजे ‘फसवणुकीपासून बचाव’ एवढाच अर्थ घेतला, तर तो शिकवायचा राहून जातो.

पुस्तकातील नववे प्रकरण

अभ्यासक्रमात हा विषय नाही, असे मात्र नाही. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या २०१८ पासूनच्या पाठ्यपुस्तकात ‘सामाजिक आरोग्य’ हे नववे प्रकरण आहे. मोबाइलचा अतिवापर, सेल्फीचा नाद आणि सायबर गुन्हे यांची चर्चा त्यात आढळते. अडचण दोन ठिकाणी आहे. एकतर प्राथमिक शाळेतच हाती आलेल्या फोनची ही शिकवण मुलाला दहावीत मिळते. दुसरे म्हणजे हे प्रकरण येते ते पुस्तकाच्या अखेरीस, सराव परीक्षांच्या तोंडावर. अशा वेळी ते ‘अपेक्षित प्रश्नां’पुरते उरकले जाण्याची शक्यता अधिक.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळा मार्ग निवडला. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली आणि ती देशभर गाजली. अभ्यासाच्या शिस्तीसाठी हा प्रयोग मोलाचाच आहे. तरीही वापराचे तास कमी करणे आणि वापर सुरक्षित करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उरलेल्या तासांत मूल फोनवर काय करते आणि अडचणीत सापडल्यास कुणाकडे जाते, याचे उत्तर भोंग्यातून मिळत नाही.

तक्रार शिक्षकाकडे येते तेव्हा

एखाद्या विद्यार्थिनीचे छायाचित्र विकृत करून पसरवले गेले आणि ती शिक्षिकेकडे आली, असे समजू. अशा वेळी तीन चुका सहज घडतात. पहिली, मुलीलाच दोष देऊन तिचा फोन काढून घेणे. त्यामुळे पुढची मुलगी बोलायला धजावत नाही. दुसरी, ‘पुरावा’ म्हणून ते छायाचित्र मुख्याध्यापकांना किंवा शिक्षकांच्या गटावर पाठवणे. आक्षेपार्ह छायाचित्र अल्पवयीन मुलीचे असेल, तर ते पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. मुलांच्या लैंगिक शोषणाचे असे साहित्य जवळ बाळगण्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात कठोर भूमिका घेतली आहे. तिसरी चूक म्हणजे शाळेची बदनामी नको म्हणून प्रकरण आपसात मिटवणे. ‘पोक्सो’ कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास २१ व्या कलमाखाली शिक्षेची तरतूद आहे आणि संस्थाप्रमुखाची जबाबदारी अधिक मोठी मानली आहे.

याउलट योग्य मार्ग फार अवघड नाही. मुलीला धीर देणे, मजकूर पुढे न पाठवता खात्याचे नाव, दुवा आणि वेळ टिपून ठेवणे, पालकांना विश्वासात घेणे आणि विनाविलंब तक्रार करणे, एवढ्या पायऱ्या प्रत्येक शिक्षकाला पाठ हव्यात.

तक्रार कोठे करावी, हा मावळातील स्वतंत्र गुंता आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि तळेगाव दाभाडे त्याच्या हद्दीत गेले. वडगाव मावळ, कामशेत आणि लोणावळा मात्र पुणे ग्रामीण पोलिसांकडेच राहिले. म्हणजे लोकलने अवघ्या एका स्थानकाच्या अंतरावर पोलीस यंत्रणा बदलते. वडगावची मुलगी तळेगावच्या महाविद्यालयात शिकत असेल, तर तिने कोठे जावे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हद्दीचा विचार न करता गुन्ह्याची खबर घेण्याची तरतूद केली आहे. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर त्यामुळे ग्राह्य नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. हे सारे उपलब्ध आहे, परंतु शिक्षकाला ते ठाऊक नसेल, तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे आहे.

शाळाही माहितीची राखणदार

आणखी एका बाजूकडे क्वचितच लक्ष जाते. शाळा स्वतःच मुलांच्या माहितीचा मोठा साठा बाळगते. आधार क्रमांक, जन्मतारीख, पालकांचे भ्रमणध्वनी, जातीचे दाखले ही माहिती अनेकदा शिक्षकांच्या खासगी फोनवरून, व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरते. स्पर्धेत यशस्वी झालेल्या विद्यार्थ्याचे छायाचित्र नाव-गावासह समाजमाध्यमांवर झळकते. केंद्राच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक अॅपची साठवण असुरक्षित राहिल्याने दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि लाखो विद्यार्थ्यांची माहिती उघडी पडली होती, हे जानेवारी २०२३ मध्ये समोर आले. सरकारी यंत्रणेतही असे घडू शकते, तर शाळेच्या कार्यालयातील एकाच पासवर्डवर चालणाऱ्या संगणकाची काय कथा!

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. शैक्षणिक संस्थांना काही सवलती असल्या, तरी माहिती जपण्याच्या जबाबदारीतून त्यांची सुटका नाही. ही मुदत शाळांनी तयारीसाठी वापरायला हवी.

नवी यंत्रणा नको, सातत्य हवे

या कामासाठी नवे खाते वा मोठा निधी लागेल असे नाही. ‘पोक्सो’च्या २०२० च्या नियमांनीच शाळांतील कर्मचाऱ्यांना बालसुरक्षेचे नियतकालिक प्रशिक्षण देण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा होतातच. त्यांत दर वेळी अर्धा तास एकेका प्रसंगाला दिला, तर वर्षभरात शिक्षकांची तयारी होऊ शकेल. राज्यात २०२२ पासून शाळा स्तरावर ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचे धोरण आहे. ऑनलाइन छळाच्या तक्रारींची जबाबदारी त्यांच्याकडे स्पष्टपणे द्यावी. महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिन पाळण्याची केंद्राची सूचना आहेच. पुण्यातील क्विक हील फाउंडेशन आणि महाराष्ट्र सायबर यांच्या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन शाळांत पाठवले जाते. तळेगाव आणि लोणावळ्यातील महाविद्यालयांच्या मनुष्यबळाचा आंदर मावळातील वाड्यांपर्यंत असाच उपयोग करता येईल.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवरील खाती ठेवण्यास बंदी केली. तशी बंदी येथे असावी की नसावी, हा वाद होत राहील. मात्र बंदी असो वा नसो, घाबरलेले मूल कुणाजवळ तरी येणारच. मावळातील बहुतेक गावांत सायबर तज्ज्ञ नाही, समुपदेशक नाही, पोलीस ठाणेही दूर आहे. शाळा मात्र आहे आणि तिच्यात एक-दोन शिक्षक आहेत. त्यांना तयार करणे हाच सर्वांत जवळचा आणि सर्वांत स्वस्त उपाय होय. तो टाळून केवळ व्याख्यानांची संख्या वाढवली, तर अहवाल भरतील, पण मुले एकटीच राहतील.