मत म्हणजे अनुमोदना



हल्ली मोबाइलवर दर चार-आठ दिवसांनी एक निरोप येतो : "आपल्या शहराला मत द्या आणि दहा जणांना पुढे पाठवा." आधी हे गाण्याच्या कार्यक्रमातल्या मुलांसाठी असायचे. मग स्वच्छतेच्या पाहणीसाठी आले. आता नव्या उद्योगांसाठीही येऊ लागले आहे. दोन-चार शहरांतली स्टार्टअपवाली मुले मिळून हसतखेळत चुरस लावतात की कोणत्या शहरातला नवउद्योगींचा मेळा सरस, आणि त्याचा निकाल लोकांच्या मतांवर सोडतात. हेतू चांगला असतो. गावाचे नाव होते, मुलांना हुरूप येतो, चार लोकांना कळते की आपल्याकडेही कुणीतरी काही नवे करते आहे.

उद्या अशी चुरस नांदेड आणि लातूर यांच्यात लागली तर आपण मुखेडच्या बायकांनी काय करायचे? आपला जिल्हा नांदेड. पण उदगीर आपल्याला जवळ, मुलांच्या शिकवण्या लातूरला, आणि निम्म्या घरांच्या सोयरिकी तिकडच्याच. प्रश्न गमतीचा वाटतो, पण मला तो गमतीवर सोडावासा वाटत नाही. माझे मत आधीच सांगते. अशा स्पर्धा व्हाव्यात, पण गावाचे नाव बघून मत देऊ नये. आणि मत दिले म्हणजे आपले काम संपले, असे तर मुळीच समजू नये.

आपल्या धर्मात कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन भाग सांगितले आहेत. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवून घेणे आणि कुणी केलेल्याला मनापासून "बरे केले" म्हणणे. कर्माचा हिशेब या तिन्हींचा होतो. आहारदान देणाऱ्याला पुण्य मिळते, आणि ते पाहून ज्याचे मन आनंदले त्यालाही मिळते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तोच नियम उलट बाजूनेही लागू आहे. वाईट कामाला मान डोलावली तर त्याचाही वाटा आपल्या खात्यावर पडतो. मत देणे ही सरळ सरळ अनुमोदना आहे. मग ज्याची माहिती नाही त्याला अनुमोदना कशी द्यायची?

मी कॉमर्स शिकले तेव्हा हिशेब तपासण्याचा पहिला धडा हाच होता की व्हाउचर पाहिल्याशिवाय खर्च मान्य करायचा नाही. सही करणारा कितीही जवळचा असो, कागद दाखव म्हणायचे. "आपल्या शहराला मत द्या" या निरोपात कागदच नसतो. त्या शहरातले उद्योग कोणते, ते काय बनवतात, कुणाला विकतात, कामगारांना पगार वेळेवर देतात का, यातले काही लिहिलेले नसते. नुसते नाव असते, आणि खाली बटण.

शिवाय शहराला मत दिले की त्या शहरातल्या सगळ्याच उद्योगांना एकगठ्ठा होकार जातो. त्यात सोयाबीनचे पदार्थ करणारी मुलगी असेल, डाळ निवडायचे यंत्र बनवणारा मुलगा असेल, तसा कोंबड्यांच्या धंद्याला माल पुरवणाराही असेल. श्रावकाने कोणते व्यापार टाळावेत याची यादी आपल्या आचारग्रंथांत आहे. विषाचा व्यापार, प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार, जंगल तोडून केलेला धंदा. आपण दुकानात जे ठेवत नाही, त्याला मोबाइलवर का होकार द्यायचा? म्हणून मत द्यायचेच तर एका उद्योगाला द्यावे, माहिती घेऊन द्यावे.

मतांच्या आकड्यांना किती वजन द्यायचे, हेही एकदा पाहू. २००७ साली जगातली नवी सात आश्चर्ये निवडायची मोठी मोहीम झाली. आपल्याकडे ताजमहालसाठी एसएमएसचा नुसता पाऊस पडला होता, तुम्हाला आठवत असेल. ७ जुलै २००७ ला पोर्तुगालच्या लिस्बन शहरात निकाल लागला आणि ताजमहाल यादीत आला. पण युनेस्कोने आधीच सांगून टाकले होते की या मोहिमेशी आमचा संबंध नाही, आणि हा कौल फक्त इंटरनेट वापरणाऱ्यांचा आहे, साऱ्या जगाचा नाही. फोनवरून एकाच माणसाने अनेकदा मत द्यायलाही अडकाठी नव्हती. आता दुसरी बाजू पाहा. ताजमहाल, अजिंठा आणि वेरूळ ही तिन्ही १९८३ सालीच जागतिक वारसा यादीत आली होती, तीही कुणाच्या एसएमएसवाचून. जाणकारांनी पाहून, तपासून ठरवले. वेरूळला आपली जैन लेणी आहेत. त्यांच्यासाठी कुणी निरोप फिरवला नाही म्हणून इंद्रसभेतल्या कोरीव कामाचे मोल तसूभर कमी झाले का?

मतदानात माणसांची संख्या जिंकते, गुण जिंकतोच असे नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती, लातूरची चार लाखांच्या आत, उदगीरची लाखभर. नुसती मते मोजली तर नांदेड सुरुवातीलाच पुढे, आणि पुण्यासमोर दोघेही मागे. मुखेडसारख्या गावातल्या मुलीने कितीही चांगला माल केला तरी तिच्यामागे मते कुठून येणार?

मग मत नकोच का? तसेही नाही. २०२२ पासून दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातल्या चित्ररथांसाठी दोन निकाल लागतात, एक परीक्षकांचा आणि एक लोकांच्या पसंतीचा. त्या पहिल्याच वर्षी परीक्षकांनी उत्तर प्रदेशाला पहिले ठरवले, आणि लोकांच्या मतांनी महाराष्ट्राचा जैवविविधतेचा चित्ररथ निवडला. दोन्ही वेगळे जाहीर झाले, त्यामुळे कुणाची फसवणूक झाली नाही. लोकांना काय आवडले ते कळले, आणि जाणकारांना काय उत्तम वाटले तेही कळले. ही पद्धत मला पटते. गल्लीत भाजी सगळ्यांना आवडली म्हणून ती पथ्याची ठरत नाही, आणि वैद्याने पथ्याची म्हटली म्हणून ती चवदार होत नाही. दोन्ही सांगावे, पण एकाच्या नावावर दुसरे खपवू नये.

केंद्र सरकारचा उद्योग विभाग २०१८ पासून स्टार्टअपच्या बाबतीत राज्यांची क्रमवारी लावतो. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. अलीकडच्या याद्यांत पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर न देता राज्यांचे गट केले जातात, आणि गटातली नावे वर्णक्रमाने लिहितात. योजनांचा लाभ ज्या उद्योजकांना मिळाला त्यांनाही विचारतात की खरेच मिळाला का. मान्यताप्राप्त स्टार्टअप सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात आहेत, तरी २०२२ च्या क्रमवारीत महाराष्ट्र सर्वोत्तम गटात नव्हता, त्याच्या खालच्या गटात होता. संख्या मोठी म्हणून व्यवस्था पहिल्या प्रतीची, असे होत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर दुकानाची उलाढाल मोठी आणि नफा मोठा, या दोन वेगळ्या ओळी आहेत.

आता नांदेड-लातूरकडे येते. या दोन गावांची चुरस आपल्याला नवी नाही. २००९ साली नांदेडला महसूल आयुक्तालय करायचा निर्णय झाला आणि लातूरकर उठले की ते आमच्याकडेच हवे. इतकी वर्षे गेली, दोघेही आजवर छत्रपती संभाजीनगरच्याच आयुक्तालयाखाली आहेत आणि कामासाठी तिकडचीच वाट धरतात. २०१७ साली लातूरची मुंबई गाडी बिदरपर्यंत नेली तेव्हा लातुरात आंदोलन झाले. आपल्या गावासाठी भांडणे मी चूक म्हणत नाही. गाडीत जागा मिळत नसेल तर बोललेच पाहिजे. पण "आम्हाला हवे" याचे "त्यांना नको" कधी होऊन जाते, ते माणसाला कळत नाही.

तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहे की स्वतःची स्तुती, दुसऱ्याची निंदा, दुसऱ्याचे असलेले गुण झाकणे आणि स्वतःचे नसलेले गुण मिरवणे याने नीच गोत्राचा बंध पडतो. मैत्रिणींनो, मतांसाठी फिरणारे निरोप एकदा या चार कसोट्यांवर घासून पाहा. कुळाचा आणि जातीचा मद करू नये हे आपण मुलांना शिकवतो. मग गावाचा मद कसा चालेल? आणि त्याच सूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ या भावनाही सांगितल्या आहेत. प्रमोद म्हणजे आपल्याहून गुणाने मोठा दिसला की आनंद होणे. स्पर्धा खरोखर मैत्रीची आहे की नाही, हे ओळखायची खूण हीच. लातूर जिंकले तर नांदेडच्या मुलांचे तोंड उतरते, की ती टाळ्या वाजवून विचारतात, "तुम्ही हे कसे केले, आम्हालाही दाखवा"?

खरे तर ही मुले एकाच घरची आहेत. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, ते नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांचे. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. म्हणजे दोन्हीकडच्या बहुतेक मुलांच्या पदवीवर एकच शिक्का. मालही एकमेकांवाचून अडतो. नांदेडकडची तूर आणि सोयाबीन लातूरच्या बाजारात जाते, तिथल्या दाल मिलची डाळ आपल्या डब्यात येते. उजवा हात डाव्याशी पैज लावतो तेव्हा जेवण दोघांनी मिळूनच करायचे असते.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. २०२२ साली राज्य सरकारची स्टार्टअप यात्रा निघाली होती. तालुक्या-तालुक्यांत गाडी फिरली, मुलांनी कल्पना मांडल्या, जिल्ह्यात पहिल्या तिघांना २५, १५ आणि १० हजारांची बक्षिसे होती. बक्षिसाने सुरुवात होते, हे खरे. पण धंदा बक्षिसावर चालत नाही आणि मतांवर तर नाहीच. धंद्याला लागतो पहिला गिऱ्हाईक, आणि त्याने वेळेवर दिलेले पैसे.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने घरगुती सुक्या पदार्थांचा उद्योग काढला. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचे काही नाही, सूर्यास्तानंतर काम नाही. स्पर्धेसाठी तिने मते मागितली तेव्हा आपल्याच समाजातल्या बायकांनी धडाधड बटणे दाबली. महिनाभराने मी तिला विचारले, ऑर्डरी किती आल्या? हसून म्हणाली, "काकू, मते पोतंभर, गिऱ्हाइके ओंजळभर." शिवाय ज्या दुकानांत माल ठेवला त्यांच्याकडून पैसे यायला तीन-तीन महिने लागत होते. साठ-सत्तर हजारांच्या भांडवलात धंदा करणाऱ्या मुलीचे वीस हजार असे अडकले तर ती पुढचा माल कशाचा भरणार?

इथे आपला प्रश्न येतो. ही दुकाने कुणाची असतात? आडत, किराणा, कापड, औषधे या धंद्यांत आपलीच माणसे किती आहेत, ते सांगायला नको. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी ठरलेले नसेल तर १५ दिवसांतच. आता आयकराचा नियमही असा झाला आहे की सूक्ष्म आणि लघू उत्पादकांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. पण कायदा नंतर, आधी व्रत. अचौर्य अणुव्रत म्हणजे नुसते कुलूप न फोडणे नव्हे. दुसऱ्याच्या हक्काचा पैसा आपल्या गल्ल्यात अडवून ठेवणे हे त्याच्या किती जवळ जाते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. मताचा निरोप आला तर मैत्रीने घ्या. त्यातला एक उद्योग निवडा, काय करतो ते वाचा, समोरच्या शहराचाही एक वाचा. ज्याचे काम निर्दोष आणि उपयोगाचे वाटेल त्याला मत द्या, मग तो नांदेडचा असो की लातूरचा. माहिती नसेल तर मत देऊ नका. न दिल्याने कुणाचे नुकसान होत नाही. निरोप न वाचता पुढे ढकलू नका. आणि ज्याला मत दिले त्याच्याकडून निदान एकदा काहीतरी विकत घ्या. फुकटच्या अनुमोदनेपेक्षा पदरचे शंभर रुपये घातलेली अनुमोदना जास्त खरी असते.

आणि आज रात्री, म्हणजे सूर्यास्ताआधीची जेवणे आटोपल्यावर, घरातल्या पुरुषमंडळींना एक साधा प्रश्न विचारा : "आपल्या दुकानाकडे कुणा छोट्या उद्योगवाल्याचे पैसे राहिले आहेत का?" असतील तर उद्या सकाळी देऊन टाकायला सांगा. मतांची कोणतीही स्पर्धा देणार नाही इतका हुरूप त्या मुलाला त्याने मिळेल.

जय जिनेंद्र.